एमएस घरात असताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे सगळे ज्याला एमएस म्हणतात तो आजार, घरात असलेल्या वाचकांची पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलं की नसेतून जाणारा संदेश मंदावतो किंवा मध्येच अडतो. कुणाची नजर जाते, कुणाचे पाय, कुणाची लघवीवरची हुकमत. बहुतेक पत्रांत एक समज सारखा आढळला. त्रास अचानक वाढला की 'आजार वाढला' असं घरचे गृहीत धरतात, आणि ताप, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, ऊन, चुकीची हाताळणी यांपैकी जे खरं कारण असतं ते तपासायचं राहून जातं. ही कारणं बरी करता येतात, म्हणून उत्तरांत त्यांच्यावर भर आहे.

प्रश्न : पत्नी ३४ वर्षांची आहे, तीन वर्षांपासून एमएस आहे. एप्रिल लागल्यापासून रोज दुपारी तिचा उजवा पाय ओढला जातो आणि एका डोळ्याला धूसर दिसतं. संध्याकाळी बरं वाटतं. दर वेळी नागपूरला न्यायचं, की स्टेरॉइडची सलाइन इथेच लावून घ्यायची? (अकोला)

ही दोन्ही लक्षणं तिला पूर्वीच्या अटॅकमध्ये होऊन गेली असतील, तर हा नवा अटॅक नसण्याचीच शक्यता जास्त. आवरण गेलेल्या नसेतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी तो अडतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला उथॉफ परिणाम म्हणतात. यात नसांचं नवं नुकसान होत नाही. अंग थंड झालं की नजर आणि पाय पूर्ववत होतात. तुमच्याकडे संध्याकाळी जे बरं वाटतं ते याचंच चिन्ह आहे.

अटॅक म्हणजे रिलॅप्स. लक्षण नवं असतं किंवा जुनंच स्पष्टपणे वाढलेलं असतं, ते सलग २४ तासांहून जास्त टिकतं, आणि त्या वेळी ताप किंवा इन्फेक्शन नसतं. त्यामुळे त्रास वाढला की आधी थर्मामीटर लावा. मग लघवीची तपासणी करून घ्या, कारण एमएसमध्ये जळजळ न होताही लघवीचं इन्फेक्शन असू शकतं. ताप असेल तर पॅरासिटॅमॉल लगेच द्या; ताप उतरला की पायातली ताकद बऱ्याचदा परत येते. मात्र एका डोळ्याची नजर दुखऱ्या डोळ्यासह झपाट्यानं जाणं, लघवी अजिबात न होणं, दोन्ही पायांतली ताकद काही तासांत जाणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं, यांतलं काहीही झालं तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

सलाइनबद्दल सांगायचं तर, खऱ्या अटॅकमध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम असं तीन ते पाच दिवस देतात. त्यानं सुधारणा लवकर होते, पण वर्षभरानंतर रुग्ण कुठे पोहोचलेला असेल ते त्यानं फारसं बदलत नाही. साखर वाढते, झोप उडते, मन अस्थिर होतं, आणि इन्फेक्शन लपलेलं असेल तर ते भडकतं. उन्हानं आलेल्या त्रासावर हे औषध देणं चूक आहे.

आता उन्हाचं. अकोल्याची हवा कोरडी असल्यानं वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिथे चांगलं काम करतो. तो खोलीबाहेर, खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. (मुंबई, कोकण, गोव्याच्या वाचकांनी कूलरवर पैसे घालू नयेत. दमट हवेत पाण्याचं बाष्पीभवन फारसं होत नाही, तिथे एसीच लागतो.) बाहेर जाण्याआधी वीस ते तीस मिनिटं पाय थंड पाण्याच्या बादलीत ठेवावेत, मानेवर ओला सुती रुमाल असावा, थर्मासात गार पाणी असावं. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकावा; दुपारी गॅससमोर पाऊण तास उभं राहून पोळ्या करणं पाय ओढला जायला पुरेसं असतं. कढत पाण्याची आंघोळ बंद. दिवाळीचं अभ्यंगस्नानसुद्धा कोमट पाण्यानं, आणि न्हाणीघराची कडी न लावता, कारण पाय आत गेल्यावर लुळे पडतात. शेकायची पिशवी आणि वाफारा टाळा. संवेदना कमी असलेल्या कातडीला भाजल्याचं कळत नाही.

प्रश्न : यजमानांना रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं, तरी 'पूर्ण झाली नाही' असं म्हणतात. त्यांनी पाणीच कमी केलं आहे. दोनदा इन्फेक्शन झालं. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा नळी घालायला सांगितलं आहे, आम्ही दोघंही घाबरलो आहोत. (सांगली)

पाणी कमी करणं हा या आजारातला सगळ्यात सार्वत्रिक चुकीचा उपाय आहे. लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं, घाई वाढते, आणि बद्धकोष्ठानं भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबून त्यात भर घालतं. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी हवंच. ते सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत विभागून घ्या, त्यानंतर घोट-घोट. सहानंतर चहा नको. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं, म्हणजे पायांत साठलेलं पाणी दिवसाच लघवीवाटे जातं.

पूर्ण होत नाही ही तक्रार मोजता येते. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करून मूत्राशयात किती उरलं ते पाहतात. साधारण १०० मिलीच्या वर उरत असेल तर नळीचा विचार करतात. उरलेली लघवी सडते आणि इन्फेक्शन वारंवार होतं. इथे एक धोका ध्यानात ठेवा. घाई कमी करायची ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिनसारखी औषधं मूत्राशय सैल करतात, त्यामुळे उरणारं प्रमाण आणखी वाढू शकतं. मोजमाप न करता ती सुरू करू नयेत. त्यांनी तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आणि वयस्कांमध्ये विसराळूपणा वाढतो.

नळी म्हणजे कायमची पिशवी नव्हे. ती दिवसातून चार ते सहा वेळा आपली आपण घालून लगेच काढायची असते. प्रौढांना साधारण १२ ते १४ नंबरची लागते. साबणानं हात धुवा, जागा पुढून मागे पुसा, नळीच्या टोकाला जेली लावा. यजमानांनी अर्धवट बसून लिंग वरच्या दिशेला सरळ धरावं, म्हणजे मार्गातला बाक निघतो. नळी सावकाश सरकवावी. वीस सेंटिमीटरच्या आसपास थोडा अडथळा लागतो, तिथे थांबून दीर्घ श्वास सोडायचा आणि हलकेच पुढे न्यायचं. जोर कधीही लावायचा नाही, रक्त येतं ते त्यामुळेच. लघवी सुरू झाली की दोन-तीन सेंटिमीटर आणखी आत. धार थांबल्यावर नळी एकदम ओढू नका, हळूहळू बाहेर घ्या, मध्ये पुन्हा धार आली तर थांबा. स्त्रियांमध्ये मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. सुरुवातीला आरसा लागतो, आणि नळी चुकून योनीमार्गात गेली तर ती तिथेच ठेवून दुसरी नवी नळी वरच्या छिद्रात घालावी, म्हणजे चूक पुन्हा होत नाही.

एका वेळेस ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त निघत असेल तर दोन वेळांमधलं अंतर जास्त आहे. तीन दिवस वहीत वेळ आणि मिली लिहून ठेवा, डॉक्टरांना त्या वहीवरून वेळापत्रक बसवता येतं. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. ताप, दुर्गंधी, गढूळपणा, वाढलेला ताठरपणा किंवा अचानक आलेला अशक्तपणा, यांतलं काही नसताना केवळ रिपोर्टवरून अँटिबायोटिक घेऊ नये. आणि लक्षणं असतील तेव्हा पहिली गोळी घेण्याआधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, नमुना द्यावा.

प्रश्न : आईला पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना तिच्या काखेत हात घालून उचलतो. माझी कंबर गेली आणि तिचा खांदा दुखतो. गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये दोघंही पडलो. (डोंबिवली)

काखेतून उचलणं आजपासून थांबवा. अशक्त खांदा त्यानं निखळू शकतो, आणि पूर्ण वजन तुमच्या कमरेवर येतं. आईच्या पायांत थोडंही वजन पेलायची ताकद असेल तर तिला उचलायचं नसतं, फक्त फिरवायचं असतं.

पलंगाची उंची व्हीलचेअरच्या बैठकीएवढी करून घ्या, साधारण १८ ते २० इंच. उंची कमी पडत असेल तर सुतार लाकडी ठोकळे बसवून देतो. खुर्ची आईच्या चांगल्या बाजूला, पलंगाला चिकटून आणि थोडी तिरकी ठेवा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या काढा किंवा वर करा. तुमचं पडणं बहुधा याच दोन चुकांतून होतं. आईच्या कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा, तोच धरायचा. तिला पलंगाच्या काठाशी आणा, तळवे जमिनीवर टेकलेले आणि गुडघ्यांच्या थोडे मागे. तुम्ही समोर गुडघे वाकवून उभे राहा आणि तुमच्या गुडघ्यानं तिचा अशक्त गुडघा रोखून धरा. आता तिला पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक पायांच्या बोटांच्या पुढे येईल. इथेच बहुतेक जण चुकतात. माणूस मागे रेललेला असताना त्याला कुणीच उभं करू शकत नाही. 'एक, दोन, तीन' म्हणून उभं करा, पावलं टाकत वळा, पोटऱ्यांना खुर्चीचा स्पर्श झाला की हळू बसवा. तिनं तुमच्या गळ्यात हात टाकू नयेत, हात तुमच्या कोपरांवर किंवा खुर्चीच्या दांडीवर असावेत.

पाय अजिबात वजन घेत नसतील तर गुळगुळीत प्लायवूडची, कडा घासलेली, सुमारे २८ इंच लांब आणि ८ इंच रुंद फळी पलंग आणि खुर्चीमध्ये टाकून सरकवत न्या. त्यासाठी खुर्चीचा हात निघणारा हवा. तेही जमत नसेल तर पेशंट लिफ्ट (माणसाला झोळीत उचलून हलवणारं यंत्र) भाड्यानं घ्या. एकट्यानं उचलायचा हट्ट धरू नका.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा. आत पडलेल्या माणसाच्या अंगाला दार अडलं तर मदतच पोहोचत नाही. कमोड १७ ते १९ इंच उंच हवा. पकडायचे दांडे भिंतीत पक्के स्क्रूनं बसवा. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन धरत नाही. आंघोळीला पाठ असलेलं, रबरी पायांचं स्टूल आणि हँडशॉवर. उंबरठा काढता येत नसेल तर प्रत्येक इंचाला एक फूट या हिशेबानं उतार करा, म्हणजे तीन इंचांच्या उंबरठ्याला तीन फूट. व्हीलचेअर जायला दाराची मोकळी रुंदी ३२ इंच लागते.

पुन्हा पडली तर लगेच ओढून उठवू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा. हाड मोडल्याची शंका नसेल तर कुशीवर वळवून, मग हातांच्या आणि गुडघ्यांच्या आधारावर आणून, समोर भक्कम खुर्ची ठेवा आणि चांगला पाय आधी टेकवून तिला स्वतःला वर येऊ द्या.

प्रश्न : भावाचे पाय ताठ होतात, रात्री झटके येतात. बॅक्लोफेननं झोप येते म्हणून परवा गोळी बंद केली. चालेल ना? (लातूर)

चालणार नाही. बॅक्लोफेन एकाएकी बंद केल्यानं ताठरपणा उसळतो, ताप येतो, भास होतात, फिटसुद्धा येऊ शकते. आजच डॉक्टरांशी बोला. डोस कमी करायचा तर तो आठवड्यांच्या हिशेबानं टप्प्याटप्प्यानं. हे औषध साधारणपणे ५ मिलिग्रॅम तीन वेळा असं सुरू करून हळूहळू वाढवतात. झोप येते ती बहुधा वाढ घाईनं झाल्यामुळे, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी डोसनंही.

गोळी वाढवण्याआधी ताठरपणा कशानं वाढला ते शोधा. भरलेलं मूत्राशय, चार दिवस न झालेली शौच, नखाचा आत शिरलेला कोपरा, घट्ट बूट, पार्श्वभागावरची जखम. पायाला जाणीव कमी असली तरी मज्जारज्जूला ही चिडचिड पोहोचते आणि स्नायू आवळले जातात. सगळा ताठरपणा घालवायचाही नसतो. ज्याच्या मांड्या अशक्त आहेत तो या ताठरपणावरच उभा राहतो, आणि औषध जास्त झालं की गुडघे मोडतात.

पोटरी ताणताना भावाची टाच तुमच्या तळहातात आणि तळवा तुमच्या हाताच्या पुढच्या भागावर घ्या, गुडघा सरळ ठेवून पाऊल हळू वर दाबा, अर्धा ते एक मिनिट धरा, असं चार-पाच वेळा. झटका दिला तर पाऊल थडथडायला लागतं. तसं झालं तर दाब स्थिर ठेवून थांबा. रोज वीस मिनिटं पालथं झोपणं मांडीच्या सांध्यासाठी फार उपयोगाचं असतं, खुर्चीत दिवस काढणाऱ्यांचा तो सांधा आधी आखडतो.

प्रश्न : सुनेला दोन वर्षांपूर्वी एमएस झाला. ती दिसायला ठणठणीत आहे, पण सकाळी अकरालाच गळून पडते. मला तिचं वाईट वाटतं आणि खरं सांगायचं तर शंकाही येते. हा आजार आहे की सवय? (पुणे)

सासूबाई, तुम्ही हे मोकळेपणानं विचारलंत हे फार चांगलं केलंत. हा आजार आहे. एमएसमधला थकवा कामानंतर येणाऱ्या दमण्याहून वेगळा असतो. रात्रभर झोपूनही तो येतो, बसल्याजागी येतो, उकाड्यानं वाढतो. तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे या आजाराच्या बायकांना सगळ्यात जास्त बोलणी याच लक्षणापायी ऐकावी लागतात.

तरीही सगळा थकवा आजारावर ढकलू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या. रात्री लघवीला किती वेळा उठते ते विचारा, तुटक झोप हे मोठं कारण असतं. प्रेगाबालिन (नसांच्या वेदनेचं औषध) किंवा बॅक्लोफेन चालू असेल तर त्याची गुंगी असू शकते. आणि उदास वाटतं का हेही विचारा. एमएस असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि ते औषधानं व समुपदेशनानं बरं होतं.

घरात करण्यासारखं : विश्रांती गळून पडण्याच्या आधी. अकराला ती कोसळत असेल तर साडेदहाला वीस-तीस मिनिटं पडू द्या. कणीक मळणं, पोळ्या लाटणं, भाजी निवडणं हे सगळं उंच स्टुलावर बसून करता येतं. कपडे आणि स्वयंपाक एकाच सकाळी नकोत. व्यायाम मात्र सोडू नये, आठवड्यातून दोनदा अर्धा तास मध्यम वेगाचा आणि दोनदा ताकदीचा, पंख्याखाली. त्यानं थकवा कमी होतो. तिच्या वाटची सगळी कामं काढून घेऊ नका. 'आज तुला काय जमेल' असं तिलाच विचारा आणि तिचं उत्तर खरं माना.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेल-अश्वगंधाचा काढा आणि रोज डी जीवनसत्त्वाची पुडी देतो. चालू ठेवावं का? (मडगाव)

दोन्ही थांबवा. एमएसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या जागी काम करत असते, आणि तुमचं महागडं औषध तिला आवरण्यासाठीच दिलेलं असतं. गुळवेलीनं यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. टेरिफ्लुनोमाइड आणि इंटरफेरॉन ही एमएसची औषधंही यकृतावर ताण आणतात, त्यात काढ्याची भर नको. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोज घेतल्यास रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात. रक्ताची तपासणी लवकर करून घ्या. घरात कुणी तंबाखू ओढत असेल तर ती बंद करण्यानं काढ्यापेक्षा पुष्कळ जास्त फायदा होईल, धूम्रपानानं एमएस वेगानं पुढे सरकतो.

प्रश्न : मला एमएस आहे, वय २९. आम्हाला मूल हवं आहे. माहेरचे-सासरचे सगळे नको म्हणतात. (कोल्हापूर)

एमएस आहे म्हणून मूल होऊ देऊ नये असं नाही. आई किंवा वडिलांना एमएस असताना मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकी असते, म्हणजे सत्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना तो होत नाही. गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढू शकतात, म्हणून त्या काळात रात्रीची मदत कोण करणार हे आधीच ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचं औषधांचं नियोजन, आणि ते दिवस राहण्याच्या आधी. टेरिफ्लुनोमाइड शरीरात दीर्घकाळ राहतं. ते धुऊन काढायला कोलेस्टिरामिन ८ ग्रॅम दिवसातून तीन वेळा असं ११ दिवस देतात आणि मग रक्तातली पातळी तपासतात. फिंगोलिमॉड दोन महिने आधी, तर क्लॅड्रिबिनच्या शेवटच्या गोळीनंतर सहा महिने थांबावं लागतं, आणि हा नियम नवऱ्याला ते औषध असेल तर त्यालाही लागू आहे. ग्लाटिरामर आणि इंटरफेरॉन त्या मानानं सुरक्षित समजली जातात. फिंगोलिमॉड किंवा नॅटालिझुमॅब आपल्या मनानं थांबवू नका, थांबवल्यावर आजार जोरात उलटू शकतो. न्यूरॉलॉजिस्ट आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांची एकमेकांशी गाठ घालून द्या. भूल आणि सिझेरियन या आजारात वर्ज्य नाहीत.

प्रश्न : वडील आता पूर्ण बिछान्यावर आहेत. माकडहाडाजवळ लाल चट्टा आला आहे, आणि पाणी पिताना ठसका लागतो. (नाशिक)

चट्ट्यावर बोटानं तीन सेकंद दाबा. दाब काढल्यावर जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर बेडसोअर सुरू झाला. त्या जागेवर चोळायचं नाही, तेल नाही, पावडर नाही. चोळल्यानं आतली नाजूक झालेली त्वचा फाटते. त्या बाजूला वजन अजिबात येऊ द्यायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदला, पूर्ण कुशीवर न करता पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरपं. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्या. मध्ये भोक असलेली रिंग वापरू नका, तिच्या कडेनं रक्तपुरवठा आणखी अडतो. डोक्याकडचा पलंग जेवणाची वेळ सोडून ३० अंशांपेक्षा उंच ठेवला की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. वरण, अंडी, दही, पनीर वाढवा. प्रथिनांशिवाय जखम भरत नाही.

ठसक्याकडे दुर्लक्ष करू नका, अन्न श्वासनलिकेत गेल्यानं होणारा न्यूमोनिया या टप्प्यावर जीव घेऊ शकतो. भरवताना पूर्ण ताठ बसवा, हनुवटी थोडी छातीकडे, एका वेळी एक चहाचा चमचा, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पातळ पाणी सगळ्यात अवघड जातं, दाटसर पेय सोपं. मुरमुरे, शेंगदाणे, तुकड्यांची पातळ आमटी नको. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता झाला तर ठसका न लागताही ते खाली जातंय असं समजा आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे न्या.

प्रश्न : सरकारी नोकरीत आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र घेतलं तर नोकरी जाईल का? मिळतं तरी काय? (छत्रपती संभाजीनगर)

जाणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचा स्पष्ट उल्लेख आहे. याच कायद्याच्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. सध्याचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, त्यातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. बहुतेक लाभांना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. १९६१ च्या आयकर कायद्यात स्वतःसाठी कलम ८०-यू आणि अवलंबितासाठी ८०-डीडी खाली ७५,००० रुपयांची, ८० टक्क्यांपुढे १,२५,००० रुपयांची वजावट दिली होती, पण फक्त जुनी कररचना निवडणाऱ्यांना. आता कलमांचे क्रमांक बदलले आहेत, विवरणपत्र भरताना सल्लागाराला विचारून घ्या. 'निरामय' विमा योजनेत मात्र एमएस बसत नाही, तिच्यासाठी फेऱ्या मारू नका.

तपासणीला जाताना केवळ एमआरआय नेऊ नका. सकाळी ताजेतवाने असताना तुम्ही दहा मिनिटं चालून दाखवाल आणि टक्के कमी पडतील. न्यूरॉलॉजिस्टकडून पत्र घ्या, त्यात किती मीटरनंतर थांबावं लागतं, लघवीवर ताबा आहे का, नळी वापरता का, नजर आणि स्मरण कसं आहे, हे नोंदवलेलं असावं.

प्रश्न : नवऱ्याचं सगळं मीच करते, सहा वर्षं. हल्ली त्यांच्यावर खेकसते आणि मग रडते. (गोरेगाव)

तुम्हाला आधी झोप हवी आहे. आठवड्यातून दोन रात्री ब्युरोची बाई किंवा दीर-नणंदेपैकी कुणीतरी, हे या महिन्यातच ठरवा. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना नेमकं काम द्या : मंगळवारी फिजिओथेरपीला नेणं, औषधं आणणं, शनिवारी दुपारी तीन तास बसणं. यजमान अकारण हसतात-रडतात किंवा तेच तेच विचारतात का हे पाहा. एमएस मेंदूच्या त्या भागांवरही परिणाम करतो, त्यावर औषधं आहेत, आणि ते मुद्दाम करत नाहीत हे कळलं की तुमचा रागही थोडा निवेल. त्यांना एका वेळी एकच सूचना द्या, बाकीचं फळ्यावर लिहून ठेवा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते, मुंबईत आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत, तिथे तुमच्यासारखी माणसं भेटतील. रात्री-अपरात्री फार जड झालं, जगणं नकोसं वाटलं, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि स्वतःचा रक्तदाब व साखर तपासून घ्या.